खरेदीखताआधीचा एकच खिळा

सोमवार, ३ तारीख. सकाळी.
सर्वांची प्रकृती कशी? हिचा गुडघा कसा? दोन मजले निमूट चढतो, तिसऱ्यावर दाराशी येऊन रडतो. लेकीचा खोकला? फोनवर तरी बरा. माझी कंबर? ठणठणीत, फक्त वाकवायची नाही.
१४ तारखेला तळमजल्याच्या घराचं खरेदीखत. मग जिना कायमचा सुटला. मालकीणबाईंनी पडद्यांची मापं घ्यायला किल्ली दिली. मापं घेतली. जाता जाता स्वयंपाकघराच्या भिंतीत एकच खिळा ठोकला आणि आपलं घड्याळ टांगलं. घर लगेच आपलं वाटलं. हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

बुधवार, ५.
पुन्हा मापं घ्यायला गेलो. परवा टेप उलटा धरला होता. पाहतो तर घड्याळाखाली ताटाएवढी ओल! म्हणजे बाईंनी लपवलं. दिसायला किती साध्या. ठरलं: शांतपणे, पण कडक बोलायचं.

गुरुवार, ६.
फोनवर कडक बोललो. बाई म्हणाल्या, अहो काका, बावीस वर्षांत त्या भिंतीला घामसुद्धा आला नाही. मी म्हटलं, बाई, भिंत खोटं बोलत नाही. वाक्य छान जमलं. शनिवारी प्लंबर घेऊन येते म्हणाल्या. ही म्हणते, चांगली बाई आहे, उगाच तोंड टाकू नका. हिला व्यवहार कळत नाही.

शनिवार, ८. सकाळी.
प्लंबर दुपारी येणार. तोवर हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला मी नव्हे. रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं स्वतःच शिकून उघडलंय. काही परत बंदही झालंय. घड्याळ भिजायला नको, म्हणून ते उतरवून खिळा उपटायचा. पाच मिनिटांचं काम.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
खिळ्यामागून धार. थेट चष्म्यावर. भोकावर अंगठा दाबून उभा राहिलो. मेन कॉक कुठे, ठाऊक नाही. मापांत तो नव्हता. घड्याळ समोर ओट्यावर. चाळीस मिनिटं मोजली. ओट्याखालचं कपाट तेवढ्यात फुगलं.
बाई आल्या. त्याच कपाटात हात घालून कॉक बंद केला. माझ्या पायापासून वीतभर. प्लंबर म्हणाला, खिळा पाइपात रुतलेला होता म्हणून थेंब थेंब येत होतं, ठोकला कुणी? मी छताकडे पाहिलं. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेलं. त्यावर माझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट.

सोमवार, १०.
बाईंचा निरोप: घर द्यायचं की नाही, विचार करते. हिला जिन्यातच सगळं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. म्हणाली, आधी दम खाते, मग भांडते. वर आल्यावर भांडलीच नाही. गुडघा शेकत बसली. भांडली असती तर बरं होतं.

शुक्रवार, १४.
खरेदीखताचा दिवस. घरीच. बाईंना पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात पाइप नको तिथून नेणाऱ्या गवंड्याचा दोष सविस्तर मांडला होता. हिने फाडला. दुसरा एवढाच: बाई, खिळा मी ठोकला. भिंत खरं बोलत होती, मलाच ऐकू आलं नाही. भिंत आणि कपाट मी दुरुस्त करून देईन. म्हणजे प्लंबर आणि सुतार देतील. मी हात लावणार नाही. हिचा गुडघा तुमच्या तळमजल्याकडे डोळे लावून बसलाय. घर दिलंत तर हातोडी हिच्या ताब्यात राहील. उत्तर लवकर पाठवा.