नाल्यात पाणी कुठून आलं, त्याचा खुलासा

सुरत,
ता. ९ मे १९८४

आदरणीय दादाराव मामाजींना भाचा श्रावणचा जयभीम, अन् लीलामामीच्या पायावर डोकं. (मामीनं डोकं लाथाडलं तरी चालते, ह्या वेळी तिचा हक्कच आहे.) मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली पोस्टकार्डावरूनच समजली. तब्येत नरम असलेला माणूस एका कार्डावर अकरा वेळा 'गाढव' लिहू शकत नाही. त्यातले दोन पत्त्याच्या बाजूले होते, म्हणून पोस्टमन आता मले त्याच नावानं हाक मारून राहिला. मामीचा गुडघा कसा आहे? ती अजून रघुनाथरावाच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवरून पाणी आणून राहिली का, हे मी पुसत नाही. उत्तर मले माहीत आहे, अन् त्यात माझा हात आहे.

तं मामाजी, तुम्ही निगेटिव्ह पाठवली तेव्हा चिठ्ठीत साफ लिहिलं होतं की फोटो मोठा करून पाठव, साहेबाले नाला कोरडा ठाक दिसला पाहिजे, म्हणजे वस्तीले हातपंप मिळते. सहा वर्षांपासून नुसते अर्ज देऊन पाहिले, आता फोटो लावून पाहू. मामी भर उन्हात नाल्याच्या मधोमध उभी राहिली होती, अन् थेंबही नाही हे दाखवायले तिनं हंडा उलटा धरला होता. सौंसरच्या फोटोवाल्यानं फोटो काढलाही झकास, नाल्यातले दगड मोजता येत होते. मी तो मोठा केला, धुतला, वाळत टाकला. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरचा वसंत (खानदेशचा आहे, नवरदेवांच्या मिशा काळ्या करायचं काम त्याच्याकडं) वाकून पाहते अन् म्हणते, "हे तुझं गाव? इथं माणसं राहतात?" मी म्हटलं, राहतात. तो म्हणते, "कशाला?"

आता आपल्या गावाले मी दिवसातून चार शिव्या देतो, पण त्या माझ्या असतात. मिशा रंगवणाऱ्यानं दिलेली एकच शिवी मले जेवू देईना.

मी इथं नेमकं काय करतो हे तुम्हाले मागच्या तीन पत्रांत समजलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्यानं रंग चढवायचा, हा आमचा धंदा. चेहरे शिकलेल्या लोकांकडं अन् आकाश माझ्याकडं. मी पाचवीत दोनदा बसलो हे समजल्यावर शेठनं मले सरळ आकाशावर ठेवलं. (आकाशात चूक झाली तं गिऱ्हाईक ओळखत नाही.) रंग शेठचे, पण संध्याकाळी बशीत जे उरते ते आमाले फुकट. फुकटच्या रंगानं माणूस जेवढा बिघडते तेवढा दारूनं बिघडत नसावा. त्या दिवशी बशीत निळा उरला होता. म्हटलं, जरासं आकाश निळं करून टाकू, आकाशानं हातपंप थोडाच अडते.

पण निळ्या आकाशाखाली जमीन अशी दिसायले लागली, की जशी काविळीतून उठलेली. म्हणून पळसाच्या खराट्यांवर थोडा हिरवा लावला. मंग हिरवी झाडं अन् खाली कोरडा नाला, हे खोटं वाटे. मले खोटं काम जमत नाही, म्हणून नाल्यात पाणी सोडलं. पहिले घोट्यापर्यंतच सोडलं होतं, पण दगड काही केल्या झाकत नव्हते, मंग वाढवत गेलो. भर पावसाळ्यात, गोटमारीच्या जत्रेच्या दिवशी सावरगावजवळ जाम नदीले नसते एवढं पाणी आपल्या नाल्याले आलं. मामीचं लुगडं भिजेल म्हणून मी जरा थांबलो होतो, पण तोपर्यंत वसंत मिशा सोडून मागं येऊन उभा राहिला होता अन् माझीच बशी धरून देत होता. ते पाहून मले जोर चढला. कोण्या नवरीच्या ओठांचा लाल उरला होता, त्याचा सूर्य केला. अन् राहिलेल्या पांढऱ्यात दोन हंस बसवले. (बदकं काढत होतो, मान लांब झाली.)

मंग लिफाफ्यावर मी 'उघडू नये, रंगाले हवा लागते' असं काहून लिहिलं, हे तुम्ही पुसलं. मामाजी, खरं सांगतो, तुम्ही उघडाल म्हणूनच लिहिलं. अन् जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलं. ऐकायले दुसरा एखादा दिवस नव्हता का?

तुम्ही तो लिफाफा तसाच नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवला. (ऑफिसचं नाव मी लिहीत नाही, उगाच त्यांची प्रसिद्धी होते.) अन् साहेबानं अर्जावर शेरा मारला की चित्रात भरपूर पाणी दिसून राहिलं, सबब हातपंपाची गरज नाही. वरून असंही लिहिलं, की वस्तीतली बाई भरलेला हंडा नाल्यात ओतून पाण्याची नासाडी करताना आढळली. हे वाचून मामी दोन दिवस जेवली नाही, असं तुम्ही लिहिलं. त्या दोन दिवसांचं जेवण मलेही गेलं नाही.

बरं, चूक सुधारायले तुम्ही फोटोवाल्यानं दिलेला पहिला लहान फोटो घेऊन पुन्हा गेलात. ह्या ठिकाणी मात्र मी साहेबाच्या डोक्याले हात जोडतो. त्यानं दोन्ही फोटो बाजूबाजूले ठेवले अन् तुम्हाले समजावून सांगितलं, "देखो दादाराव, ये काला-सफेद है, मतलब पुराना जमाना। ये रंगीन है, मतलब आज। बीच में विकास हो गया।" ऑफिसपासून नाला सायकलीवर अर्ध्या तासाचा. पण साहेबाले सायकल शोभत नाही अन् जीपले डिझेल नाही, म्हणून विकास टेबलावरच पाहून घ्यावा लागते.

आता आपल्या बोरगावात बातमी फुटली, अन् रघुनाथरावाच्या विहिरीवरचा चिंधू मामीले म्हणते, "लीलाबाई, तुमच्या नाल्यात तं हंस पोहून राहिले म्हणतात, मंग इकडं काहून आल्या?" अन् संत्र्याची झाडं पाणी पिऊन होतपर्यंत तिले बांधावर बसवून ठेवते. हे वाचल्यापासून माझा हात आकाशावर चालत नाही. काल एका डॉक्टरच्या बंगल्यावर मी ढग काढले ते सगळे हंड्यासारखे आले. शेठनं मले दोन दिवस फोटो धुवायले बसवलं.

बस, एवढंच लिहायचं होतं. मी माफी मागतो, तुम्ही ती द्या किंवा बारावा गाढव पाठवा. फक्त लिफाफ्यात घालून पाठवा.

तुमचा भाचा,
श्रावण

ता. क. सोबत एक नवीन फोटो आहे. ह्या वेळी लिफाफा उघडा, हवा लागू द्या, मामीलेही दाखवा. निगेटिव्ह तीच आहे. काळा-पांढरा म्हणजे जुना जमाना, म्हणून रंगवावा लागलाच, पण नाला जसा आहे तसाच रंगवला, मातकट. फुकटच्या बशीत तो रंग कधी उरत नाही, सगळ्या बशा एकात एक कालवल्या तेव्हा झाला.

दुसरं ता. क. फोटोत मामीच्या बाजूले एक हातपंप दिसेल. तो मीच बसवला. दांडा मोडलेला आहे, तोही मीच मोडला. नवीन पंपाचा अर्ज सहा वर्षं पडून राहते, पण मोडलेल्या सरकारी पंपाले माणूस महिन्याभरात येते, हे तुम्हीच सांगितलं होतं. दुरुस्तीचं टेबल वेगळं, बाबू वेगळा, तो साहेबाच्या टेबलावरचं वाचत नाही. मामीचा हंडा आहे तसाच उलटा ठेवला, आता तो बरोबर दिसते. खरं काम एवढंच होतं, हा फोटो दुरुस्तीच्या टेबलावर देऊन या.

तिसरं ता. क. दुरुस्तीवाला आला अन् पंप कुठं आहे म्हणून पुसलं, तं घाबरू नोका. सांगजा, नाल्याच्या पाण्यात वाहून गेला. सरकारी वस्तू वाहून गेली तं तिच्या जागी दुसरी लावाच लागते. अन् नाल्याले पाणी कधी होतं असं म्हटलं, तं त्याले साहेबाच्या फाइलीकडं पाठवा. तिथं रंगीत पुरावा आहे, शिक्क्यासकट.