नऊशे शेअर, नव्वद मतं

शेलूबाजार,
६ जानेवारी २०२६

ती. स्व. इंद्रभानदादास,
तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाचं लावतोस, म्हणून कागदच बरा. इकडे सगळे खुशाल. तूर सोंगून झाली, हरभरा घाट्यावर आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल दादाकडून चोळून घ्या, तेवढं तरी काम होऊ दे त्याच्या हातून.

आता खरं काम. बाबांचे शेअर ज्या वऱ्हाडमाय डाळ कंपनीत होते, तिची नोटीस आली आहे. इथली गिरणी विकायची म्हणतात. माझी सून वैभवी पाच वर्षांपासून तिथं पॅकिंगला आहे, तिच्यासोबत आणखी चाळीस बाया. शेअरवाल्यांनी महिनाभरात मोबाइलवरून मत द्यायचं, आणि चारात तीन मतं 'हो' पडली तरच विक्री. मी गिरणीच्या फाटकाशी जाऊन बायांना धीर दिला, म्हटलं माझे नऊशे शेअर आहेत. शेतावरचा हक्क मी सोडून दिला, पण माझ्या भावाने शेअरच्या वाटणीत स्वतःला सहाशे ठेवले आणि मला नऊशे दिले, हेही सांगितलं. एक जण म्हणे, असा भाऊ आमाले काहून नाही देल्ला देवानं!

तेव्हा तुझे सहाशे आणि माझे नऊशे मिळून 'नको' म्हणू. लवकर कळव.

माया आहेच, ती उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी आटू देऊ नकोस.

तुझी,
तुळसा


जऊळका,
११ जानेवारी २०२६

चि. सौ. तुळसास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा बरा आहे, तेल तीच चोळते. फुलसिंगच्या जीपमध्ये संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवले आहेत, मोजून घे, वाटेत कमी होतात.

कंपनीचं म्हणशील तर आपण लहान माणसं, आपल्या मताने काय होते? शिवाय तुझे शेअर जरा निराळ्या वर्गाचे आहेत. कंपनीने एका वर्षी बाबांना ते वरून बक्षीस दिले होते. त्यांना लाभांश जास्त आहे, मताचं जरा कमी आहे. भेटीत समजावून सांगीन. तोवर फाटकाशी फार बोलत जाऊ नकोस.

पाहुण्यांना नमस्कार. पोरांवर लक्ष ठेव आणि आमच्यावरही.

तुझा,
दादा


शेलूबाजार,
१७ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लाडू मिळाले. गूळ जास्त झाला आहे, पण वहिनीला सांगू नकोस.

वैभवीने मोबाइलवर माझं मत द्यायला घेतलं, तर नऊशे शेअरपुढे नव्वद मतं आली. तिला वाटलं, एक शून्य कुठं गळालं. म्हणून आम्ही दोघी वाशिमला मदनसिंगकडे गेलो, तो शेअरचीच कामं करतो. त्याने नीट फोड करून सांगितलं. कंपनी एकच, पण शेअर दोन प्रकारचे. साध्या शेअरला एकास एक मत, दुसऱ्याला दहांमागे एक. त्याच्या बदल्यात दुसऱ्याला लाभांश चिमूटभर जास्त, पण बाजारात भाव कमी. शेवटी तो म्हणे, बाई, ज्यानं वाटणी केली त्याले हे ठाऊक असनच. नशीब, वैभवी तेव्हा पाणी आणायला बाहेर गेली होती.

दादा, मी रागावले नाही. म्हणजे रागावले आहे, पण ते राहू दे. सख्ख्या भावावर संशय घेते म्हणून माझीच मला लाज वाटते. तेवढी लाज खरी ठरव आणि दोन गोष्टी लिही. तुला ठाऊक होतं का? आणि तुझं मत अजून द्यायचं आहे ना?

उत्तराची वाट पाहते.

तुळसा


जऊळका,
२३ जानेवारी २०२६

चि. तुळसास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी घे.

हो, ठाऊक होतं. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

बाबा गेल्यावर दोन्ही वर्गांचे कागद माझ्यासमोर होते आणि फरक मला कोणीतरी समजावूनही सांगितला होता. मनात आलं, बोलायचा अधिकार पोराकडे राहावा. पोरीला काय, आकडा मोठा दिसला की ती खूश. त्याच आठवड्यात तू तहसिलात शेताच्या हक्कसोडीवर सही केली होतीस. मग तू पेढे वाटलेस की भावाने जास्त दिलं. त्यातला एक पेढा मीही खाल्ला, तुळसे.

दुसरं याहून वाईट आहे. मत मी देऊन बसलो आहे, 'हो' म्हणून. तेव्हा तुझं पहिलं पत्र माझ्या खिशातच होतं. गोलू म्हणाला, गिरणी विकली की शेअरचा भाव चढेल, त्याच्या पुण्याच्या घराला हातभार लागेल. बापाचं मन, बोट ठेवून मोकळा झालो. एकदा दिलेलं मत फिरवता येत नाही, हे मी दोनदा विचारून पाहिलं.

साध्यांपैकी तीनशे तुझ्या नावावर करायच्या कागदावर सही केली आहे. तुझ्यातले साडेचारशे मला दे, म्हणजे दोन्ही वर्ग निम्मे निम्मे होतील, जसे तेव्हाच व्हायला हवे होते. पण या मतदानाला ते चालणार नाहीत, मतासाठी नावं धरायची तारीख उलटून गेली. तुझं मत पुढच्या वेळेपासून.

माफी मागायला तोंड नाही. लोभ ठेव म्हणायचाही मला आता अधिकार नाही.

तुझा अपराधी,
इंद्रभान


शेलूबाजार,
१४ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. गिरणी विकली. मदनसिंगने आकडे दाखवले. मोठ्या मालकांचीच मतं इतकी होती की तुझी सहाशे 'नको'त पडली असती तरी काही बदललं नसतं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मलाही ऐकून बरं वाटलं नाही.

तीनशे शेअर नावावर झाले. साडी-चोळी म्हणून नाही, माझा वाटा म्हणून ठेवून घेतले. तुझे साडेचारशे पाठवले आहेत. पुढच्या वेळी मला पटेल ते मत देईन, मग ते तुझ्या उलट का असेना.

बायांना महिनाअखेरपर्यंतच काम आहे. वैभवीने मला विचारलं, मामांनी 'नको' दाबलं ना? मी हो म्हणाले. वाटणीच्या वेळी मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही म्हणाले. सुनेशी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. माहेरासाठी बोलले, आणि तेव्हापासून तिच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही.

तिने ते गिरणीत सांगितलं. हरलो तरी एक माणूस आपल्या बाजूने उभा राहिला, म्हणून बायांनी मिळून तुझ्यासाठी शाल घेतली आहे. पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, वैभवी आणि आणखी चौघी शाल-नारळ घेऊन तुझ्या दारी येतील. मी त्यांना अडवलं नाही.

शाल अंगावर घ्यायची की नाही, ते तू ठरव.

तुळसा