सोन्याचा मुलामा

शीव कोळीवाडा,
१२ जून २०२५

ती. अप्पा,

नमस्कार करते. रागात करते, पण करते. गुडघा कसा आहे? आई म्हणाली, गणपतीच्या कारखान्यात तुम्ही पुन्हा उकिडवे बसून रंगकाम करताय. स्टूल घ्या हो! मी माझ्या मैत्रिणीकडे, पूर्वीकडे, मजेत आहे. तिची आई सुक्या बोंबलाची चटणी खाऊ घालते.

फोन मुद्दाम करत नाही. तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून देता.

काल लॅबमध्ये सगळ्यांसमोर माझे पीएचडीचे गाईड सर म्हणाले, "दर्शना, तुझ्या वडिलांचा फोन आला होता. तुझ्या वतीने माफी मागितली त्यांनी. भला माणूस." अप्पा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी काय केलं ते तरी ऐका. सरांचा दावा असा, की त्यांच्या नव्या औषधाने पेशीच्या आवरणाला, म्हणजे तिच्या सालीला, काही होत नाही. पण त्यांच्या जुन्या मायक्रोस्कोपसाठी नमुन्यावर सोन्याचा मुलामा द्यावा लागतो, आणि त्यात बारीक भोकं बुजून जातात. नव्या हेलियम आयनच्या मायक्रोस्कोपला मुलामा लागत नाही. मी उघड्या सालीचेच फोटो काढले. भोकंच भोकं! सर म्हणाले, "तुझ्या आयनच्या झोतानेच पाडली." मग औषध न लावलेल्या पेशी त्याच झोताखाली, तेवढाच वेळ ठेवल्या. एकही भोक नाही. तेही दाखवलं, तर म्हणाले, "पीएचडी हवी ना? मग हे फोटो विसर."

नाही विसरणार. ते औषध उद्या कुणाच्या तरी अंगात जाणार आहे.

लहानपणी कच्च्या मूर्तीवर बॅटरी मारून तडे शोधायला मला कोण लावायचं? मालक म्हणायचे, सोनेरी मारा, दिसत नाही. तुम्ही सरळ ब्रश खाली ठेवायचात. तडा गेलेला देव मी कुणाच्या घरी पाठवणार नाही, म्हणायचात. माझ्याच वेळी कुठे गेला तो ताठा?

सर ओरडले तेव्हा मला रडू आलं नाही. तुमच्या माफीने आलं.

फोटो मी विद्यापीठाच्या चौकशी समितीला पाठवून दिलेत. आईला अजून सांगू नका. सोमवारी समितीने मला आणि सरांना बोलावलंय. पीएचडी गेली तर गेली. सोमवारच्या आधी तुम्ही सरांना फोन करा आणि ती माफी परत घ्या. नाही घेतलीत, तर मी सगळ्यांसमोर सांगेन, की ती माझी नव्हती आणि माझ्या अप्पांचीही नव्हती. ते फक्त घाबरले होते.

तुमच्याच हाताखाली तडे शोधायला शिकलेली,
दर्शना