थेट बागेतून

रविवार, १० डिसेंबर १९७८. गावी.

दादांच्या ओसरीवर बैठक. गावातलेच गुणवंतराव, धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाशेजारचे, दोघे बागाईतदार, आणि दादा, माझे थोरले भाऊ. भिंतीवर तक्ता लावून सांगितले: संत्रे झाडावरून ताटात कसे पोचते. झाडावरचा बहार, म्हणजे उभे पीक, व्यापारी उक्ता घेतो. तोच तोडतो, तोच भरतो. मग अडत्या, मग ठोक, मग किरकोळ, शेवटी टोपलीवाली. प्रत्येक टप्प्यावर फळ ओतले जाते, दाबले जाते. आपल्या संत्र्याची साल सैल, म्हणून आपटलेले फळ वरून निरोगी दिसते आणि दोन-तीन दिवसांनी आतून उतरते. शहरातली बाई म्हणते, यंदा संत्रे फिके आहे. फिके नसते ते, थकलेले असते. (हे वाक्य वर्गातही वापरावे.)

ठरले ते असे. चौघांपैकी कोणीही मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडी फुललेला) झाडावर विकायचा नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी स्वतः तोडायचा आणि ट्रक थेट आमच्या कॉलनीच्या मैदानावर. पिकवणारा विकेल, खाणारा घेईल. मध्ये कोणी नाही.

गुणवंतराव डोके खाजवत म्हणाले, "आन् उरलं तं?" मी उत्तर देणार तोच दादा: "आमच्या मधूनं सांगतलं म्हंजे सांगतलं. कॉलेजात पोट्टे शिकवते थो. आना सुपारी."

सुपारी दादांनीच फोडली, चौघांना वाटली. आबा गेल्यानंतर त्या ओसरीवर इतके भरून आल्यासारखे प्रथमच वाटले.

बुधवार, १३ डिसेंबर. नागपूर.

सुताराकडून लाकडी कड्या आल्या. तीन मापांच्या. ज्या सर्वांत लहान कडीतून फळ अलगद खाली उतरेल ती त्याची प्रत. डोळ्याने प्रतवारी करणाऱ्याला आपले फळ मोठे दिसते, दुसऱ्याचे लहान. कडीला तसे काही दिसत नाही.

सुमतीने मोठी कडी बांगडीसारखी मनगटात घातली. "अहो, माझी प्रत कोणती?" म्हणालो, सर्वोत्तम. "मग परदेशी पाठवतात ना त्या प्रतीला? पाठवा की."

पेट्यांत अंथरायला तणस हवी. रामटेककडून धानाची मिळेल. गव्हाचा भुसा नको, टोचतो.

रविवार, २४ डिसेंबर. गावी.

तोडणीचे प्रात्यक्षिक, गुणवंतरावांच्या बागेत. आमच्याच बागेत करायचे होते, पण दादा म्हणाले, पाणी सोडले आहे, चिखल आहे. फळ ओढायचे नाही. ओढले की देठाशी साल फाटते, आणि कूज तिथूनच शिरते. कात्रीने, देठ अगदी बुटका ठेवून कापायचे. लांब ठेवला तर तोच शेजारच्या फळात घुसतो. पुन्हा पुन्हा करून दाखवले. गुणवंतरावांची बायको पदर तोंडाशी धरून: "संत्र्याची कटिंग करून राहिले का जी मास्तर? दाढी बी करान काय?" सगळे हसले. मीही.

ऐकतात मात्र मन लावून. एकही जण उठून गेला नाही. दादा झाडाला टेकून शेवटपर्यंत उभे होते.

बुधवार, १७ जानेवारी १९७९.

सु.चे हळदीकुंकू. कॉलनीतल्या झाडून साऱ्या बायका. तिळगूळ वाटून झाल्यावर दोन शब्द बोलतो म्हणालो. थांबलो तेव्हा दिवे लागले होते. हातात संत्रे घेऊन सगळे दाखवले. साल कशी पाहावी, वजन कसे जोखावे, तोडल्यापासून ताटापर्यंत किती हात लागतात. समोरच्या बंगल्यातल्या कुसुमताईंनी विचारले, "पण बाग कोणाची? नाहीतर बाजारातलीच आणून द्याल आम्हाला." म्हणालो, माझ्या सख्ख्या भावाची. मी स्वतः समोर उभा राहून तोडून आणीन.

'सख्ख्या' हा शब्द जरा मोठ्यानेच म्हटला असावा. सु.ने वर पाहिले.

कॉलनीतल्या जवळजवळ सगळ्या घरांनी फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या आठवड्यात बाहेरून संत्री घ्यायची नाहीत असे कबूल केले. मला फार आनंद

(झोप आली. उद्या.)

रविवार, २१ जानेवारी. गावी, आणि परत.

क्रमाने लिहितो.

येतो म्हणून कळवले नव्हते. फाट्यावर एसटीतून उतरलो, घरी न जाता धुऱ्याधुऱ्याने बागेत गेलो. फळाला रंग चढू लागला आहे. बागेच्या तोंडाशी कापसाच्या पऱ्हाट्यांचे खोपटे, तीन दगडांची चूल, दोरीवर घोंगडी. वाटले, दादांनी माकडांसाठी माणूस ठेवला, शहाणपण केले. पिशवीतून कात्री काढली आणि एका फळाला हात घातला.

"ओ साहेब! हात नका लावू फळाले."

एक उतारवयाचा माणूस, हातात गोफण. मी हसलो. म्हणालो, बाग आमचीच आहे.

"झाडं असतीन तुमची. फळ शेटचं हाय. दिवाळीतच सौदा झाला न बाप्पा. मी राखनदार. एक बी कमी झालं तं मले बोलनं बसते."

कोणी केला सौदा?

"मोठ्या भाऊनं. अजून कोन करन?" मग माझ्या तोंडाकडे पाहून आवाज उतरवून: "बसा जरा. पानी प्या."

आमच्या विहिरीचे पाणी त्याने मला त्याच्या लोट्यातून दिले. प्यालो.

घरी वहिनी दारात. "भाऊजी, कुठून आले? बगिच्यातून?" उत्तर न ऐकताच आत वळल्या आणि पाट मांडला. दादा आले. मी विचारले, दिवाळीत बहार विकलात आणि डिसेंबरात सुपारी फोडलीत?

"तू येवढ्या उमेदीनं तक्ता घेऊन आला. चार मानसात तुले खाली पाडू का?"

त्यानंतर सांगायचे.

"सांगनार होतो गा. तू बोलू देशीन तवा न."

कात्रीच्या दिवशी बागेत चिखल होता का?

आतून वहिनी: "आधी जेवून घ्या जी भाऊजी. पोटात काही नाई तुमच्या."

"शेट आबापासून दारात येते," दादा म्हणाले. "त्याले नाई म्हनलं अस्तं तं उद्या माल कोन नेईन? तुह्या कॉलनीतल्या बायका? फळं काय, पुढच्या साली देऊ तुले."

तुले. म्हणजे ही संत्री मी माझ्यासाठी मागत होतो, असे त्यांना आजवर वाटत होते तर.

जेवलो नाही. वहिनींच्या घरातून प्रथमच उपाशी निघालो.

सोमवार, २२ जानेवारी.

दुसऱ्या तासाला शेतमालाची विक्रीव्यवस्था. खडू हातात घेऊन उभा राहिलो आणि त्याऐवजी मातीचा सामू, म्हणजे आम्लता, मोजायचा धडा घेतला.

रविवार, २८ जानेवारी.

कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गुणवंतराव भेटले, वांगी घेऊन आले होते. मला पाहून टोपली पालथी करून बसायला दिली. त्यांनीही बहार दिला, परवाच, त्याच शेटला. धुऱ्यापलीकडच्या दोघांनीही. "दादानं पयलेच देल्ला, मंग आमी कायले थांबाव?"

म्हणजे ठाऊक होते?

"साऱ्या गावाले माहीत होतं न, मास्तर. शेटनं दादाच्या ओसरीवर पेढे वाटले दिवाळीत. म्या बी खाल्ला."

त्याच ओसरीवर.

मग तुम्ही बैठकीला का आलात? त्या रविवारी कात्री शिकायला का आलात?

ते खरेच गोंधळले. असा प्रश्न कोणी विचारील असे त्यांना वाटले नसावे. "तुमी सांगता चांगलं," म्हणाले. "रेडिओवानी. बंद करू वाटत नाई."

त्यांनी मला अपमान म्हणून नाही सांगितले. वर दोन वांगी पिशवीत घातली. नको म्हणणे जमले नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी.

घरोघर जाऊन सांगितले: संत्री येणार नाहीत. कारण देताना प्रत्येक घरी वेगळा अडखळलो. सख्ख्या भावाने फसवले असे फाटकात उभे राहून म्हणता येत नाही. 'तांत्रिक अडचण' म्हणालो. कुसुमताई दारातच: "अहो, मग संत्रा मार्केटातून आणा ना एक ट्रक. आम्हाला काय कळणार आहे?"

म्हणालो, हाताने उचलून पाहिले तर कळते. त्या दिवशी दाखवले होते.

"हो का? मी तेव्हा चहाकडे गेले होते."

सु. रात्री भाकरी थापताना: "तुम्ही खोटे बोलला नाहीत. कॉलनीला तेवढे पुरे आहे." मी विचारले, तुला दादांचा संशय आला होता का? "मला नाही. पण हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही इतक्यांदा सख्खा, सख्खा म्हणालात, तेव्हा वाटले, माणूस खात्रीच्या गोष्टी एवढ्यांदा सांगत नाही."

एवढ्यांदा? मला तर एकदाच आठवते.

बुधवार, १४ फेब्रुवारी.

काटोलच्या बाजूला काल दुपारी गारपीट. कॉलेजात बातमी. आमच्या गावाहून आलेल्या शिपायाने सांगितले, झाडांखाली पिवळा सडा आहे, पाय ठेवायला जागा नाही. आमची बागही.

माझी योजना चालली असती तर हा सडा चार घरांच्या उरावर पडला असता, आणि बोट माझ्याकडे असते. हे मी स्वतःला तीन वेळा नीट समजावून सांगितले. पटले. तरी मन शांत नाही. दादांना दिवाळीत गारा दिसत नव्हत्या. मी मात्र डिसेंबरात दिसत होतो; समोर, तक्ता लावताना.

गावी पत्र टाकावे का. पोस्टकार्ड घेतले. 'ती. दादांस' इथवर

रविवार, १८ फेब्रुवारी.

दुपारी जेवणे आटोपता आटोपता फाटक वाजले. दादा. टोपी हातात. गावाहून येताना हातात पिशवी नाही असे प्रथमच पाहिले. पाय धुतले, बैठकीत खुर्ची सोडून सतरंजीवर बसले.

मी म्हणालो, बाग?

"झाडं उभी हायेत. पानं बी नाई राह्यले." चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "शेट आला होता. म्हन्ते, सौदा मोडला. खाली पडलेलं फळ तुह्यं. राखनदार बी काढून नेला."

मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

"आता सांग मधू, हे कुठलं? दिवाळीत बोलला, साऱ्यायच्या समोर बोलला. पेढे वाटले. मानूस आपल्या तोंडानं एकदा हो म्हन्ते, मंग त्याले काई अर्थ असते का नाई?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. अगदी निरखून, जसे रोगट पान उलटून पाहतो तसे. कुठे काही हलले नाही. ते खरोखरच दुखावलेले होते.

"तू चाल संग. तुह्यावानी कोनाले समजावून सांगता येते? तू एक एक गोष्ट बराबर लावून सांगतो. शेटले बी पटन."

सु. आतून आली, कपबशी उचलली, दादांना म्हणाली, "भाऊजी, पडा थोडे." मग स्वयंपाकघरात मला, हळू: "जाणार?" मी म्हणालो, त्यांनी डिसेंबरातल्या सुपारीचा उच्चारही केला नाही. "नाही केला," ती म्हणाली. "आणि करणारही नाहीत. ते धरून ठरवा."

दादा पडले नाहीत. चपला घालून व्हरांड्याच्या पायरीवर बसले आहेत. पाचची एसटी आहे. आतून त्यांची पाठ दिसते; आबांसारखी, उजवा खांदा उतरलेला.

मी टेबलाशी येऊन ही वही काढली ती मन मोकळे करायला. पण पाहतो तो मुद्दे लिहायला घेतले आहेत:

१. ज्या दिवशी सौदा ठरला त्या दिवसापासून फळाची जोखीम घेणाऱ्याची.

२. राखणदार शेटने बसवला. खुद्द मालकाच्या भावालाही फळाला हात लावू दिला नाही. म्हणजे ताबा पूर्णपणे शेटकडे होता, साक्षीदार मी.

३. चार माणसांत होकार देऊन मागाहून