चौदावा प्रश्न

६ जाने., सोम.
परत देवगाव रंगारी. एसटीत जाताना उभी, येताना पण उभी.
प्रकल्पप्रमुख सरांनी निघतानाच ऐकवलं, तीनशे फॉर्म महिनाअखेर पाहिजेत. माझे झालेत एकशे अठ्ठ्याहत्तर. प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं आहे, काम एवढंच की शाळा सोडलेल्या पोरींच्या घरी जायचं आणि बावीस प्रश्न विचारायचे. "तीनशे झाले की दुसरा टप्पा मंजूर. तुमची पुढच्या नेमणुकीची ऑर्डर मी स्वतः काढून घेतो." नाय झाले तर ३१ ला माझे कंत्राटाचे अकरा महिने संपले. मग लासूर स्टेशनला घरी बसून पीएच.डी. करायची, म्हणजे नाय करायची. बाबांचा शब्द ठरलेला आहे. शहरात नोकरी आहे तवर लग्नाचा विषय नाय.
आज तीन फॉर्म. बाकी पोरी कांदा लावायला गेलेल्या.

९ जाने., गुरु.
रंजना. सोळा वर्षांची, आठवीत सोडली. चुलतीनं चहा दिला आणि तिथंच ठाण मांडलं. प्र. १४: शाळा सोडायचं कोणी ठरवलं? पोरगी गप. चुलती म्हणे, "सांग की, तुलाच नको व्हती ना?" पोरगी फरशीकडं बघत राहिली. मी पुढचा प्रश्न घेतला.
स्टँडवर आले तर मागून पळत आली. धाप लागलेली. "ताई, ते चौदा नंबरचं कोरंच ठेवा. कायबी लिहू नका." म्हटलं, ठेवते. "पुस्तकात छापलं तरी कोरंच छापा." मी हसले. हसायला नको होतं.
माझे निम्म्याहून जास्त फॉर्म चौदाला कोरे आहेत. शेजारी कुणी ना कुणी बसलेलंच असतं.

१४ जाने., मंगळ. संक्रांत. लासूर.
तिळगुळ घेतला, गोड बोलायचं राहिलं. वाणाचं ताट बाजूला सारून आईनं स्थळाचा फोटो पुढं केला. मुलगा वैजापूरला मास्तर. "बघून घे, बघायला काय जातं?" म्हटलं, नोकरी आहे अजून. "अकरा महिन्याची नोकरी म्हंजी नोकरी व्हय? किती दिस तोंड देऊ मी लोकायला?"
मी म्हणाले तूच माझी वैरीण. बाबा पेपर वाचत होते, वाचतच राहिले.
चारच्या गाडीनं परत. डोकं ठणकतंय.

१६ जाने., गुरु.
एकशे नव्वद. पुढं सरकत नाय. सर म्हणाले, "राहिलेले टेबलावर करून टाका." टेबलावर म्हणजे काय हे विभागात शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. "गावं तुम्ही पाहिलीत, उत्तरं पाठ झालीत. एम.फिल.ला मीही हेच केलं." सर वाईट नाहीत. डबा विसरला तर अर्धी पोळी देतात.
ग्रंथालय, वरचा मजला, खिडकीची जागा. नावं शाळांनी दिलेल्या यादीतून. पोरी खऱ्या, उत्तरं माझी. आज चाळीस.

१८ जाने., शनि.
झाले. एकशे दहा. तीन पेनं वापरली, अक्षर कधी तिरकं, कधी जाड. बोटाला घट्टा.
शबाना विचारते, "एकाध पे चाय गिराई के नै?" माझी रूममेट. दोन कॉलेजांत तासिकेवर शिकवते, हे सगळं कोळून प्यायलीये. म्हटलं, गिराई. डाग पडला की फॉर्म गावात भरलेला वाटतो. दोघी खूप हसलो. नंतर जेवण गेलं नाय.

२७ जाने., सोम.
सरांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. संगणकावर तक्ता. प्र. १४ ला सगळ्यात वर 'आईने'. वडील, भाऊ, चुलते सगळे खाली. "नवीन निष्कर्ष आहे हा. लोक उठसूट बापाला दोष देतात."
विचारलं, कोरे फॉर्म? "ते अपूर्ण, बाद केले. तीनशेतले इतके गाळले म्हटलं की उलट काम शास्त्रशुद्ध दिसतं."
टेबलावर भरलेल्या फॉर्मांची झेरॉक्स ठेवली होती, खोलीवर येऊन ती घेऊन बसले. एकशे दहापैकी ब्याण्णववर 'आईने'. मला कळलंच नव्हतं. संक्रांतीचा राग होता डोक्यात, हात चालत गेला. शपथेवर सांगते, मी ठरवून नाय केलं. पण शपथ घालू कुणाला.

२८ जाने., मंगळ.
धीर करून गेले. "सर, ते 'आईने' टेबलावरचे आहेत." "माहीत आहे की." "माझ्या मनचे आहेत." "इतकी गावं फिरलेली मुलगी उगाच लिहिणार नाही. तुमच्या नकळत अनुभवच बोललाय." आणि वर हेही की ६ ला चर्चासत्र आहे, दुसरा टप्पा मंजूर करणाऱ्या समितीचे लोक येणार, मांडणी मीच करायची. ती झाली की ऑर्डर.
बाहेर आले. क्रांती चौकापर्यंत चालत गेले आणि चालत परत.

१ फेब्रु., शनि.
काल अकरा महिने संपले. सर म्हणाले येत राहा, हजेरीचं बघू.
आईला फोन केला, संक्रांतीनंतर पहिल्यांदा. तिनं विषयच काढला नाय, तूर किती झाली ते सांगत बसली. मधेच विचारलं, आई, माझी शाळा कधी बंद होणार होती का गं?
"झालीच व्हती की. आठवीनंतर. तुझ्या बाबानं दाखला काढून आणला व्हता."
मग?
"मग काय. दोन दिस चूल पेटवली नाय मी. तिसऱ्या दिशी दाखला परत गेला."
ते दोन दिवस मला आठवतात. स्टेशनसमोरची भजी आणली होती बाबांनी, सकाळ-संध्याकाळ. मला वाटलेलं आपली चैन आहे.
"सांगितलं नाहीस कधी." "त्यात काय सांगायचं?" आणि तो मास्तरचा फोटो? "तुझ्या बाबानं हातात दिला. म्हटलं दाखवावा, तूच नाय म्हणशील अन् मिटंल."
फोन ठेवला. माझी मलाच लाज वाटते. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

३ फेब्रु., सोम.
रंजनाचा फोन, चुलतीच्या मोबाइलवरून, हळू आवाजात. "ताई, कोरंच हाय ना ते?" म्हटलं, कोरंच आहे. खोटं नाय बोलले. बाद फॉर्मांच्या गठ्ठ्यात आहे, विभागाच्या कपाटात, वर जुन्या प्रश्नपत्रिकांची पोती.

५ फेब्रु., बुध.
सरांनी मांडणी तपासून दिली. तिसऱ्या पानाला मथळा त्यांचाच: 'शाळागळतीत आईची निर्णायक भूमिका'. खाली तक्ता, खाली माझं नाव, जाड ठशात.
शबाना म्हणते, "पढ दे और ऑर्डर ले ले. कौन पूछने आरा तेरेकू?"
संध्याकाळी आईचा फोन. चर्चासत्राच्या पत्रिकेवर माझं नाव आलंय, मीच गेल्या आठवड्यात बाबांना पाठवली होती, अजून कामावर आहेस ना म्हणून ते विचारत होते तेव्हा. तर ती उद्या येतेय. "बाबाला बी आणते. बघू दे त्यायला पोरगी काय करती." म्हटलं, कशाला, लांब पडतं. "तुझं भाषण अन् मी नाय यायचं व्हय? कशावर हाय?" म्हटलं, शाळा सोडलेल्या पोरींवर. "मराठीत ना? मग कळंल मला."
पेन ड्राइव्हवर दोन प्रती करून ठेवल्यात. एकीत तिसरं पान सरांनी दिलं तसं. दुसरीत तिथं फक्त प्रश्न आहे, चौदावा, आणि खाली कोरं.
दोन्ही खिशात. सकाळच्या गाडीनं ती दोघं उतरतील. आई म्हणाली पुढंच बसते, मागून मला नीट ऐकू येत नाय.