पोटऱ्यांतली ऑक्सिजनटंचाई

४ जानेवारी, आरमोरी
पोलीस भरतीची मैदानी चाचणी १९ तारखेला. गडचिरोलीहून आमच्या वार्ताहराने, प्रवीणने, फोनवर पक्कं केलं. मयुरी खूश. लेकीला आठशे मीटर पळायचंय आणि बापाला जिना चढताना धाप!

६ जानेवारी
संपादकांना भरती पुरवणीसाठी 'पेशींतली ऊर्जा' हवी. संध्याकाळपर्यंत. सोपंच की — आपल्या हाती पेपर, मग विज्ञान कुठे पळतंय!
लिहिलं: आपण लोळत असलो तरी पेशी ऑक्सिजन वापरून साखर सावकाश जाळतात, त्यावर हृदय-मेंदू चालतात. सत्यशीलेने वाचलं. "म्हणजे या घरात तुमच्या पेशीच तेवढ्या काम करून राह्यल्या!" बायको असावी तर अशी.
जोरात पळताना ऑक्सिजन पुरत नाही. मग स्नायू त्याच्याविना साखर फोडतात — ऊर्जा थोडी, लॅक्टिक आम्ल भरपूर. थांबलं की तासाभरात ओसरतं. उदाहरण दिलं झाकलेल्या मडक्यातल्या मोहफुलांचं. तिथेही साखर ऑक्सिजनविनाच फुटते, फक्त दारू होते. संपादकांनी कापलं. दारूबंदीचा जिल्हा! इथे मोह आंबतो हे कुणाला ठाऊक?

९ जानेवारी
"बाबा, पाय लय दुखून राह्यले."
तिच्या भरती अकादमीचे डोमा सर म्हणाले, "लॅक्टिक आहे पोरी! अजून दोन चकरा मार, जिरते." मीही मान डोलावली. छापून आलंय — तेही माझ्याच नावाने.

११ जानेवारी
कडाक्याची थंडी. मयुरी कालपासून अंथरुणात, तरी कण्हते.
"आता त पळून नाई राह्यली मी. मंग काऊन दुखते?"
तासाभरात ओसरतं, असं लिहिणाऱ्या विद्वानांनी गाडी काढली. दवाखान्यात नेलं.

१४ जानेवारी
सिकलसेल. डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. पुढच्या पेशींना ऑक्सिजनच पोचत नाही. पळताना नाही, झोपेतही नाही.
या आजाराच्या जनजागृतीची बातमी मी दरवर्षी लावतो. तारीख बदलून. 'आतल्या गावांनी तपासणी करून घ्यावी.' आम्ही पडलो तालुक्याचे शहाणे!
"एकोणीसले पळू देते काय?" मयुरीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही." तिने भिंतीकडे तोंड केलं.

१५ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, हा आजार एकट्याकडून येत नाही. आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. उद्या दोघंही रक्त द्यायला या.
धाकट्या लेकीला, साधनालाही आणा.