यंत्राचा उजवा हात

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी पाठदुखी कशी आहे? वहिनींना झोप लागते का? इकडे सगळं ठीक, म्हणजे उजवा हात सोडून बाकीचा मी ठीक आहे. सामना संपेपर्यंत आपण दोघांनी बोलायचं नाही असा पंचांचा नियम (रोज पाच तास समोरासमोर बसून सख्ख्या भावाला ‘जेवलास का’ विचारायची चोरी!), म्हणून हे पत्र वहिनींच्या पिशवीत टाकतोय. अक्षर बघून दचकू नकोस. मी जन्माचा डावखुरा, हे तुला माहीतच आहे. पण आज पेन उजव्याने उचललं आणि त्याला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं तुझ्यामुळे झालं, ते आधी सांगून टाकतो. तुझ्याशी खेळणाऱ्या संगणकाला हात नसतात. त्याची खेळी पटावर करायला बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणारा माणूस हवा होता (कळणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं म्हणे), तेव्हा ‘आमच्या धाकट्याला घ्या, त्याला घोडा आणि उंट सारखेच’ अशी शिफारस खुद्द ग्रँडमास्टरांनी केली. पडद्यावर खेळी दिसली की सोंगटी उचलायची, ठेवायची, घड्याळाचं बटण दाबायचं. घड्याळ उजवीकडे, म्हणून हातही उजवाच वापरा, असं संगणकाच्या इंजिनिअरने बजावलं. पहिला डाव तू जिंकलास. मला वाटलं, चला, काम सोपं आहे.

दुसऱ्या डावात पडदा कोरा असताना माझ्या हाताने हत्ती उचलला. घाबरून वर पाहिलं, तर हत्तीची खेळी पडद्यावर तेव्हा कुठे उमटत होती. तो डाव तू हरलास. त्या दिवशी घरी जेवताना हाताने मिठाची बाटली दोन घरं पुढे सरकवली, टेबलावर टिचकी मारली आणि बायकोची वाट बघत बसला. तिने बिचारीने आपली वाटी पुढे ओढली, तर याने ती उचलून पटाबाहेर, म्हणजे जमिनीवर ठेवली. (‘माझ्या वाटीला पुन्हा हात लावून बघाच,’ असं म्हणाली आहे.) तिसऱ्या डावाआधी याचं बोट दारात चेंगरलं, पट्टी बांधावी लागली, म्हणून डाव्या हाताने खेळलो. तो डाव तू जिंकलास.

काल चौथ्या डावात सभागृहातली वीज गेली, आठवतं ना? पडदा काळा, पंखे बंद. तू खिडकीच्या उजेडात पटाकडे बघत होतास. माझा हात शांतपणे पुढे गेला, उंट ठेवला, बटण दाबलं. तू राजा आडवा केलास. सगळ्यांना वाटलं, मी खेळी आधीच पाहिली होती. दादा, आईशपथ, मी काही पाहिलं नव्हतं. वीज आल्यावर पडद्यावर तीच खेळी उमटली, आणि इंजिनिअरने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, ‘तिसऱ्या डावात हात दुखत होता का हो?’

आता दोन-दोन बरोबरी. उद्याचा शेवटचा डाव हरलास तर खेळ कायमचा सोडणार, असं चारचौघांत बोलून बसला आहेस. (कोणी विचारलं होतं का?) लहानपणापासून तुला पटाशिवाय पाहिलेलं नाही. पट गेला तर दिवसभर करशील काय? मला तुझी फार काळजी वाटते रे.

वहिनींना नमस्कार. चिडलास तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. उद्या बाविसाव्या खेळीला माझा घोडा फुकटात मिळतोय असं तुला दिसेल. बेलाशक घे. सख्खा भाऊ सांगतोय, त्यात काही धोका नाही.

आणखी एक ता. क. दादा, हे नेहमीचं वेडंवाकडं अक्षर माझं, डाव्या हाताचं. पत्र मी मनात आणलं तसंच उजव्याने लिहिलं, पण वरचा ता. क. माझा नाही. मला खेळ्या मोजतासुद्धा येत नाहीत. घोडा घेऊ नकोस. उद्या निघण्याआधी तो उजवा हात मी दाराच्या फटीत धरणार आहे. दार आपटायचं बायकोने कबूल केलंय, वाटीचा राग आहेच तिला. तू समोर बसलास की आधी माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे का ते बघ. नसेल, तर समोर मी बसलेलो नाही.